गार्नरचा गुडघा आणि बाबांचं वाक्य

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. माझे बाबा 1981 मध्ये पुण्याहून स्टॅनफर्डला एम.एस. करायला आले, सासरे त्याच सुमारास बर्कलीला. या दोन विद्यापीठांत दर नोव्हेंबरात अमेरिकन फुटबॉलचा ‘बिग गेम’ होतो. आमच्या घरात 1982 चा बिग गेम अजून संपलेला नाही! बाबा त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. शेवटच्या चार सेकंदांत बर्कलीने टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या टोकापलीकडे नेला, आणि सामना जिंकला. पण त्याआधीच बर्कलीच्या गार्नर नावाच्या खेळाडूचा गुडघा टेकला होता, असं ते शपथेवर सांगतात. सासरे लॅबमध्ये होते, त्यांनी रेडिओवर ऐकलं. समालोचक जो स्टार्कीची ती कॉमेंट्री त्यांना आजही तोंडपाठ आहे.

आमचं लग्न झाल्यावर दोघांनी एक प्रथा पाडली. सासऱ्यांच्या घरचा जुना पितळी अडकित्ता, जो जिंकेल त्याच्याकडे वर्षभर. 2024 चा सामना आम्ही सगळ्यांनी माझ्याकडे टीव्हीवर पाहिला. बर्कली 24–21 ने जिंकलं, तेही लागोपाठ चौथ्या वर्षी. सासरे हसत म्हणाले, “बेचाळीस वर्षं झाली, अजून पचत नाही वाटतं?” बाबा म्हणाले, “हाती न आलेलं मिरवायची सवय काही लोकांना जुनीच असते.” (सासऱ्यांची पीएच.डी. अर्धवट राहिली होती, त्यामुळे ते त्यांना जरा लागलं असावं.) सासरे उठले, कोट घातला आणि निघून गेले. अडकित्ता माझ्या टेबलावरच राहिला.

तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. फराळाचे डबेसुद्धा माझ्यामार्फत जातात. येत्या एप्रिलमध्ये मुलाची मुंज आहे. सासूबाई म्हणतात, मुलीकडच्यांनी कमीपणा घ्यायचा असतो. आई म्हणते, सुरुवात त्यांनी केली. नवरा म्हणतो, बालिशपणा आहे, होईल आपोआप. माझा एक मित्र व्हिडिओचं काम करतो. तो जुनी फिल्म साफ करून एकेक फ्रेम दाखवायला तयार आहे. दोघांना समोर बसवून एकदाचा निकाल लावू का? की घरात हा सामना लावणंच बंद करू?

— दोघांच्या मधली

उत्तर : मित्राला त्रास देऊ नका. ती फिल्म साफ करून काही हाती लागणार नाही, आणि लागलं तरी त्याचा तुम्हाला उपयोग नाही.

हे सदर वाचणाऱ्या बहुतेकांनी तो सामना पाहिलेला नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. 20 नोव्हेंबर 1982, बर्कलीचं मेमोरियल स्टेडियम. बर्कली 19–17 ने पुढे. स्टॅनफर्डचा जॉन एल्वे कॉलेजातल्या नियमित हंगामातला आपला शेवटचा सामना खेळत होता. हा जिंकला तर ‘बोल’ सामन्याचं, म्हणजे हंगामानंतर निवडक संघांत होणाऱ्या सामन्याचं, बोलावणं येणार होतं. स्टॅनफर्ड आपल्याच 13 यार्डांच्या रेषेवर अडकलं होतं, शेवटची संधी आणि जायचं होतं 17 यार्ड, नाहीतर चेंडू बर्कलीकडे. एल्वेने 29 यार्डांचा पास टाकला आणि संघाला तिथून पुढे नेलं. घड्याळात 8 सेकंद असताना टाइमआउट घेतला, मार्क हार्मनने किक मारून तीन गुण मिळवले, 20–19. उरले 4 सेकंद. (टाइमआउट तीन-चार सेकंद उशिरा घेतला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे तुमच्या बाबांकडून तुम्ही ऐकलंच असेल. स्टॅनफर्डच्या प्रत्येक माणसाकडून ऐकायला मिळतं.)

स्टॅनफर्डचे खेळाडू नाचत मैदानात आले म्हणून 15 यार्डांचा दंड झाला, आणि पुढची किक तेवढी मागून मारावी लागली. चेंडू बर्कलीच्या केव्हिन मोएनकडे गेला. त्याने तो रॉजर्सला दिला, रॉजर्सने ड्वाइट गार्नरला. गार्नरला स्टॅनफर्डच्या पोरांनी घेरलं, आणि त्या घोळक्यातून खाली जाता जाता त्याने चेंडू परत रॉजर्सकडे टाकला. रॉजर्सकडून मॅरिएट फोर्ड, आणि फोर्डने न बघता खांद्यावरून मागे फेकलेला चेंडू पुन्हा मोएनच्या हातात. असे पाच मागचे पास (अशा वेळी चेंडू पुढे फेकता येत नाही, मागेच टाकावा लागतो). तोवर सामना संपला असं समजून स्टॅनफर्डचा बँड वाद्यांसकट मैदानात शिरला होता. मोएन त्या बँडमधून वाट काढत धावला आणि टचडाउन करून थेट एका ट्रॉम्बोनवाल्यावर आदळला. रेफ्री चार्ल्स मॉफेटने सहकाऱ्यांना गोळा केलं, विचारपूस केली आणि हात वर केले, म्हणजे टचडाउन मान्य. 25–20.

नियम असा की चेंडू हातात असताना गुडघा जमिनीला लागला की तो डाव तिथेच संपतो. गार्नरचा गुडघा आधी टेकला की चेंडू आधी सुटला, एवढाच प्रश्न. त्या काळी कॉलेज फुटबॉलमध्ये रिप्ले पाहून निर्णय फिरवायची सोय नव्हती. फिल्म आहे, चार दशकं लोक तिचा कीस पाडताहेत. पण गार्नरच्या भोवती माणसं आहेत, आणि माणसांच्या आड काय झालं ते फ्रेम कितीही स्वच्छ केली तरी दिसणार नाही. समजा, दिसलं. तुम्ही गुडघा सोडवलात की लगेच दुसरा प्रश्न उभा राहील, फोर्डचा तो शेवटचा पास खरंच मागे गेला की थोडासा पुढे? मग सासरे म्हणतील, डाव चालू असताना मैदानात घुसले कोण? पंचांनी नियमभंगाचे झेंडे टाकले होते ते स्टॅनफर्डविरुद्धच. या वादाला तळ नाही.

आणि ज्यांचा हा वाद आहे त्यांनी तो मिटवलेला नाही, ही मला यातली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते. या दोन विद्यापीठांत 1933 पासून विजेत्याला एक कुऱ्हाड मिळते. त्याआधी तिची पळवापळवी चालायची, शेवटी तह होऊन ती बक्षीस झाली. तिच्या पाटीवर प्रत्येक सामन्याचा स्कोअर कोरलेला असतो. कुऱ्हाड बर्कलीकडे असली की 1982 समोर 25–20. ती स्टॅनफर्डकडे गेली की तिथली पोरं तो बदलून 20–19 करतात. परत बर्कलीकडे आली की पुन्हा 25–20. सामन्यानंतर लगेचच स्टॅनफर्डच्या विद्यार्थी-पत्रकारांनी बर्कलीच्या विद्यार्थी-वृत्तपत्राचा एक बनावट अंक छापला, निकाल फिरवून सामना स्टॅनफर्डला दिल्याची बातमी त्यात टाकली आणि तो बर्कलीत वाटला. एल्वे तेव्हा भयंकर संतापला होता, त्याचा तो अधिकारच होता. पण मोएन आणि तो ट्रॉम्बोनवाला पुढे कितीतरी कार्यक्रमांना एकत्र दिसले. चेपलेला ट्रॉम्बोन कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये ठेवला आहे. निकाल लागला असता तर हे काहीही राहिलं नसतं.

तुमच्या घरातल्या दोघांनी नेमकं हेच केलं होतं. कुऱ्हाडीच्या जागी अडकित्ता! मला तर ही कल्पना विलक्षण आवडली. सुपारी खाणारं घरात बहुधा कोणी उरलं नसेल, पण वस्तू खानदानी, धारदार, आणि सासऱ्यांनी स्वतःच्या घरची पणाला लावलेली. व्याह्यांना एकमेकांना फोन करायला एरवी कारणं किती असतात? तब्येत, नातवाचा वाढदिवस, भारतात कधी जाताय. या दोघांकडे दर नोव्हेंबरात हक्काचं भांडण होतं. तुमच्या नवऱ्याला यात बालिशपणा दिसतो. त्याला म्हणावं, एकदा दोन्ही आजोबांसमोर 1986 च्या मद्रास कसोटीचं नाव काढून बघ. 22 सप्टेंबर, भारताला हव्या होत्या 348, धावा 347, समोर 48 वर नाबाद रवी शास्त्री, आणि पंच विक्रमराजूंनी मणिंदरला पायचीत दिलं. सामना टाय. चेंडू बॅटला लागला होता असं मणिंदर सांगत राहिला. तिथे दोघांचं एकमत होईल, पैज लावते. पंचाने शेवटच्या क्षणी आपल्या हातातलं काढून घेतलं, हे दोघांनाही कळतं.

म्हणून मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. लग्नाला किती वर्षं झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मुलगा मुंजीचा आहे, म्हणजे इतकी वर्षं ही दोन माणसं गुडघ्यावरून भांडत आली आणि नातं टिकलं. मग 2024 मध्ये ते गुडघ्यामुळे कसं तुटेल? त्या संध्याकाळी वेगळं असं एकच घडलं. ते तुम्ही मला सांगितलंत, पण कंसात टाकून. “जरा लागलं असावं.”

ताई, तो माणूस कोट घालून निघून गेला. अडकित्ता टाकून गेला, जिंकलेला असताना. याला जरा लागणं म्हणत नाहीत.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास पुण्याहून मुलगा डॉक्टरेटला अमेरिकेला जायचा तेव्हा त्याच्याबरोबर अख्खं घर जायचं, हे मी तुम्हाला सांगायला नको. कर्ज काढलेलं असायचं, वाड्यात पेढे वाटलेले असायचे, आणि पत्रात दर वेळी तोच प्रश्न, “कधी संपणार?” ती पदवी राहिली याची कारणं मला माहीत नाहीत. तुम्हालाही माहीत नसावीत, कारण तुम्ही ती लिहिली नाहीत. अशा गोष्टींवर घरात कोणी बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणून बरं झालंय असं सगळे धरून चालतात. आता त्या शनिवारचा विचार करा. बाबा स्टेडियममध्ये होते. सासरे लॅबमध्ये होते, रेडिओ लावून. मी अंदाज करते आहे, चुकत असेन तर सोडून द्या. पण ज्याला बर्कलीने शेवटी हवी ती पदवी दिली नाही, त्याला बर्कलीने दिलेली ही एक गोष्ट असू शकते जी निर्विवाद त्याची होती. स्टार्कीची कॉमेंट्री माणूस चाळीस वर्षं उगाच पाठ ठेवत नाही. त्यावर कोणी म्हणालं, हाती न आलेलं मिरवता, तर त्याला एका वाक्यात दोन्ही गेल्यासारखं वाटेल.

बाबांना मी खलनायक करत नाही. चार वर्षं लागोपाठ हार, ती लेकीच्या घरात, आणि वर “पचत नाही वाटतं”. त्या दिवशी जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्याला समोरचा माणूस बेचाळीस वर्षं ‘पोटदुखी’ म्हणतोय, याचाही शीण येतो. हरणारी बाजू शब्दात जिंकायला बघते. ते वाक्य पीएच.डी.वर होतं की नुसतं पाटीवरच्या स्कोअरवर, हे बाबाच जाणोत. त्यांना विचारा, पण कोर्टात उभं केल्यासारखं नको. “बाबा, ते तुम्ही कशाबद्दल म्हणालात?” एवढंच. आणि मग गप्प बसा. बहुतेक ते आधी गुडघ्याकडे पळतील. पळू द्या, पुन्हा त्याच वाक्यावर आणा. ते म्हणाले, “माझ्या मनात तसलं काही नव्हतं,” तर त्यांच्यावर विश्वास ठेवा आणि सांगा की तिकडे ते तसंच पोचलं.

फोन त्यांनीच करायचा आहे. इथे सासूबाईंच्या म्हणण्याशी माझं उत्तर जुळतं, पण कारण अजिबात जुळत नाही, आणि तो फरक महत्त्वाचा आहे. मुलीकडचे म्हणून कमीपणा घ्या, असं म्हटलंत तर बाबा फोन करणार नाहीत. मीही केला नसता. मानपानाच्या हिशेबात माफी बसवली की देणाऱ्याला ती खंडणी वाटते आणि घेणाऱ्याला वसुली. बाबांनी बोलायचं कारण वाक्य त्यांच्या तोंडून गेलं. सासऱ्यांच्या तोंडून गेलं असतं तर सासऱ्यांनी बोलायचं होतं. हे बाबांना अगदी याच शब्दांत सांगा. आईला सांगा की सुरुवात त्यांनी केली हे खरंच आहे, पण त्यांनी सुरू केलं ते खेळाचं होतं आणि दर वर्षीचं होतं.

काय बोलायचं तेही सांगून ठेवते, कारण आपल्याकडच्या त्या वयाच्या पुरुषांना माफी मागता येत नाही असं नाही, तिचे शब्द कधी कोणी दिलेले नसतात. “त्या दिवशी मी ते बोलायला नको होतं. सामन्यावरून आपण भांडू, पण ते सामन्याचं नव्हतं. चुकलं माझं.” बस. पीएच.डी. हा शब्द बाबांनी स्वतःहून उच्चारू नये, सासऱ्यांनी काढला तर ऐकून घ्यावं. “पण तुम्हीसुद्धा” ने सुरू होणारं एकही वाक्य नको. व्हॉट्सॲपवर नको, मुंजीच्या मांडवात चार लोकांत तर मुळीच नको. प्रत्यक्ष घरी जाता आलं तर उत्तम, नाहीतर फोन. पलीकडून “जाऊ द्या हो” एवढंच आलं, किंवा काहीच आलं नाही, तरी बाबांनी विषय लांबवू नये. उत्तर तिथल्या तिथे मिळालंच पाहिजे असं नसतं.

नवऱ्याचं ‘आपोआप’ वर्षभर चाललं आहे, आता पुरे. वडील त्याचे आहेत. त्याने त्यांच्याजवळ जाऊन बसावं आणि त्या वर्षांबद्दल विचारावं. कुठे राहत होते, प्राध्यापक कसा होता, काम कुठे अडलं. गुडघ्याचा विषय काढू नये. पंचेचाळीस-पन्नास मिनिटं निमूट ऐकता आलं तर या घरासाठी तो आजवरच्या सगळ्या मध्यस्थांपेक्षा जास्त करेल.

आणि तुम्ही. तुम्ही सहीच ‘दोघांच्या मधली’ अशी केली आहे, तिथून बाहेर या. या दिवाळीला डब्यांची ने-आण बंद. ज्याला पाठवायचा त्याने स्वतः पोचवावा, नाहीतर नाही. तुम्ही डबे नेता तोवर दोघांनाही न बोलण्याची किंमत मोजावी लागत नाही, ती तुम्ही मोजता. बाबांच्या वतीने माफीसुद्धा मागू नका. बाबा शेवटपर्यंत अडून राहिले तर सासऱ्यांना तुमच्यापुरतं एक सांगता येईल: ते वाक्य माझ्या घरात बोललं गेलं, मी तेव्हा गप्प बसले, ते मला तेव्हाही बरं वाटलं नव्हतं. हे तुमचं स्वतःचं आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

अशी पत्रं मला बरीच येतात. सोसायटीच्या बॅडमिंटनमध्ये बाहेर दिलेला पॉइंट, मंडळाच्या स्पर्धेतला परीक्षकाचा निकाल, भावाभावांत बुद्धिबळाची एक चाल परत घेण्यावरून धरलेला अबोला. त्या सगळ्यांना मी आधी एकच विचारते, हे भांडण कधी काळी हसत चालायचं का? चालत असेल, तर ते ज्या दिवशी थांबलं त्या दिवशी खेळाबाहेरचं काय बोललं गेलं ते शोधा, खेळाचा निकाल शोधू नका. हसणं कधी नव्हतंच, तर मात्र प्रकरण निराळं. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याचे शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळवले गेले आणि सोव्हिएत संघ अमेरिकेविरुद्ध 51–50 ने जिंकला. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत, आजतागायत नाहीत. त्यांना “आता सोडा ना” म्हणायला मी जाणार नाही. तिथे खरोखर त्या तीन सेकंदांचंच दुःख आहे, आणि काही जणांनी ते तसंच ठेवायचं ठरवलं आहे. तुमच्याकडे तसं नाही.

सामना बंद करू नका. उलट बाबांना आणि सासऱ्यांना (वेगवेगळं गाठून) 1990 बद्दल विचारा. त्याच मैदानावर 12 सेकंद उरले असताना स्टॅनफर्डने टचडाउन केला, पण त्यानंतर मिळू शकणारे जादा दोन गुण हुकले. बर्कली 25–24 ने पुढे. या वेळी जिंकलो समजून बर्कलीची गर्दी मैदानात धावली, दंड झाला, चेंडू स्टॅनफर्डला मिळाला, आणखी एक दंड झाला, आणि शेवटच्या किकवर स्टॅनफर्ड 27–25. म्हणजे घाई दोन्हीकडे झालेली आहे. दोघांपैकी एकाने तरी हा सामना तुमच्यापासून लपवून ठेवला असणार, कोणी ते ओळखा.

मुंजीची पत्रिका नेहमीसारखी छापा, दोन्ही आजोबांची नावं घाला, कोणालाही आधी विचारू नका. कोण येणार, कोण कुठे बसणार याची खलबतं आत्तापासून सुरू केलीत तर सहा महिने दुसरं काही होणार नाही. त्याआधी या नोव्हेंबरात बिग गेम आहे. बाबांचा फोन त्याआधी व्हायला हवा. झाला, तर दोघांना बोलवा आणि टीव्ही लावा. झाला नाही, तर त्या शनिवारी कोणालाच बोलवू नका. विचारलं तर खरं कारण सांगा.